टाकीची टोपी

खोलीत शिरल्यावर ते आधी पलंग बघत नसत. पाणी बघत. बादलीत कालचं राहिलेलं पाणी, कुंडीखालची बशी, टेबलावरचा झाकण नसलेला जग. सगळं मोरीत ओतून भांडी पालथी घालत.

मग पडदा झटकत. मागून काही उडालं की दोन्ही हातांची टाळी. टाळी बहुतेक वेळा रिकामी जायची. तळहात उघडून पाहत आणि म्हणत, "हुशार आहे."

शर्ट फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. कितीही उकडलं तरी मनगटाचं बटण लावलेलं. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. काळं आणि गडद निळं प्रवासात वर्ज्य. डासांना ते लांबून दिसतं म्हणत.

बसायचं ते पंख्याच्या झोतात. "त्यांना वाऱ्यात नीट उडता येत नाही. आपल्याला बसता येतं. एवढाच काय तो आपला वरचष्मा."

मच्छरदाणी स्वतःची. ती बांधायची दिवसाउजेडी. आत शिरून एकदा खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि कापडातून उजेड बघायचा. भोक दिसलं की तिथल्या तिथे सुईदोरा.

मानेला, कानामागे, घोट्यांना क्रीम. तळहातांना नाही. कोपरापासून खाली काहीच नाही. हे माझ्या लक्षात आलं, पण उशिरा.

ते आमच्या प्रकाशनाचे फिरते प्रतिनिधी होते. शालेय पुस्तकांचे नमुने घेऊन शाळाशाळांतून हिंडायचं, मुख्याध्यापकांना पुस्तक उघडून दाखवायचं, पुढच्या वर्षासाठी ते लावून घ्यायचं. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्याकडे खालचा भाग होता. नदी समुद्राला मिळते तिथला. उष्ण, दमट, पाणथळ. तिकडे जायला कुणी तयार नसे, म्हणून तो त्यांच्याकडे आला आणि त्यांच्याकडेच राहिला.

ऑफिसात त्यांना मच्छरदाणी म्हणत. तोंडावरही. बांधणी खात्यातला कुणी विचारायचा, "काय मच्छरदाणी, या खेपेला किती मारले?"

"तुझ्या खात्यात आज जेवढी पुस्तकं बांधली, त्याहून दोन जास्त."

मी मुद्रितं तपासायला म्हणून तिथे लागले. साहित्यात पदवी घेतली होती आणि दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी विचारलं, "पदवीधर का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तेच माझं नाव झालं. मी त्यांना काका म्हणायचे. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. ते वाचलेल्या पुस्तकांबद्दल कधी बोलत नसत. विकलेल्या पुस्तकांबद्दल बोलत. कुठल्या शाळेत कुठल्या धड्याला मुलं हसतात ते त्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना डेंगी झाला होता. अकरा दिवस अंथरुणाला खिळून होते. बरे झाल्यावर डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून सांगितलं. या तापाचे चार प्रकार असतात. एक होऊन गेला. दुसऱ्या प्रकारचा झाला तर पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो. जिवावरही बेतू शकतं. काकूंनी ते शब्दन् शब्द पाठ केलं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मलाही ऐकवलं, चहा यायच्या आधी.

"यांना सांगितलं, सोडा ती फिरती. तर म्हणे मालक म्हणतात अनुभवी माणूस हवा. अनुभव कशाचा? चावून घ्यायचा?"

"चावते ती मादी असते," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "नर बिचारा फुलांवर जगतो."

"घाला, बाईच्याच डोक्यावर घाला सगळं."

मालकांकडे ते दोनदा गेले होते. दोन्ही वेळा मालक म्हणाले, शाळा तुमचं तोंड बघून पुस्तकं लावतात, नवा माणूस मिळेपर्यंत थांबा. नवा माणूस मिळायला तीन वर्षं लागली. तो माणूस मी. निवृत्तीला सात महिने उरले होते. शाळांशी माझी ओळख करून द्यायला एक शेवटची फेरी करायची, चार दिवसांची, आणि मग त्यांनी ऑफिसात बसायचं, असं ठरलं. काकूंनी निघताना माझा हात धरला.

"तुझ्या भरवशावर पाठवतेय. यांच्याकडे बघ. हे सगळ्यांकडे बघतात, स्वतःकडे नाही."

मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं.

बसने आठ तास लागले. घाट उतरल्यावर हवा बदलली. अंगाला चिकटायला लागली. काकांनी पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि मलाही सलवारीखाली मोजे घालायला लावले. शेजारची बाई आमच्या पायांकडे बघत राहिली. "थंडी वाजते आम्हाला," काका तिला म्हणाले. घामाच्या धारा लागल्या होत्या.

लॉज दुमजली. खाली मालकीणबाई राहायच्या, वर चार खोल्या. काका तिथे सव्वीस वर्षं उतरत होते. ते त्यांना वहिनी म्हणत, त्या त्यांना भाऊजी.

"आले भाऊजी. लपवा गं बायांनो बादल्या," वहिनी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या. आत कुणीही नव्हतं.

"वहिनी, या खेपेला मी फक्त वाटाड्या. यापुढे ही येणार."

"ही पण पाणी ओतते का?"

"शिकवतो."

खोली साधी होती. लोखंडी पलंग, भिंतीला हिरवट रंग, खिडकीला जाळी. जाळीच्या एका कोपऱ्यात बोटभर भोक. त्यांनी वर्तमानपत्राचा बोळा करून ते बुजवलं. बादली ओतली. बशी ओतली. पडदा झटकला तर चार डास उडाले. ते थांबले. "खोलीतलं पाणी कालचंच आणि चार आहेत," म्हणाले. "म्हणजे वर आहे."

गच्चीवर सिमेंटची टाकी होती. तिचं पत्र्याचं झाकण गेल्या वादळात उडालं होतं. तेव्हापासून तोंड उघडं. काकांनी खिशातून पांढरा प्लॅस्टिकचा कप काढला, पाण्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. पांढऱ्यावर काळे स्वल्पविराम दिसले. हलणारे. खाली जात, वर येत.

"मोज," म्हणाले.

"सतरा."

"एका कपात. आठवड्याभरात उडतील. आणि ही रात्रीची जात नाही. ही दिवसा चावते. सकाळी, आणि ऊन उतरताना. मच्छरदाणीचा हिच्यापुढे काही उपयोग नाही."

वहिनी धापा टाकत वर आल्या. "ओतून टाकू नका हं टाकी. पाणी दोन दिवसांनी येतं."

"ओतत नाही. पण वहिनी, झाकण का नाही केलं?"

"पत्रेवाला येतो येतो म्हणतो. चार महिने येतोय."

"यात अळ्या आहेत."

"असू देत की. पोहतात बिचाऱ्या."

काका हसले नाहीत. ते क्वचितच न हसता राहत. टाकीच्या काठावर बसले. त्यांचा चेहरा थकलेला दिसला. प्रवासाचा थकवा असेल असं मला वाटलं. आता वाटतं, तो सव्वीस वर्षांचा होता.

"त्या खालच्या खोलीत पुढच्या खेपेपासून ही पोर राहणार आहे," ते म्हणाले. "टोपी शिवतो मी टाकीला."

"टोपी?"

"जाळीच्या कापडाची. काठाला नेफा, नेफ्यात रबर. टाकीच्या गळ्यात बसेल. बाहेरच्यांना आत जाऊन अंडी घालता येणार नाहीत, आणि आतल्या उडाल्या तरी आतच राहतील. पाण्याचा पाइप वरून सोडता येईल."

"पायजम्याला घालतात तसा नेफा?" वहिनींनी विचारलं.

"तसाच."

"म्हणजे टाकीला चड्डी म्हणा की."

"टोपी," काका म्हणाले. "मला शाळांतून हिंडायचं असतं."

त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि टाकीच्या तोंडाभोवती धरून माप घेतलं. पट्टा पुरेना, म्हणून दोनदा लावला. सिमेंटच्या काठाखाली हात घालायला त्यांना बाह्या वर कराव्या लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच उघड्या हातांनी पाहिलं. मनगटापासून वर कातडी एकदम गोरी होती.

दुसऱ्या दिवशी पाच शाळा केल्या. प्रत्येक शाळेत शिरल्यावर ते आधी नळ शोधत. बाह्या वर करून कोपरापर्यंत साबणाने हात धूत, रुमालाने कोरडे करत, मग नमुन्याची पिशवी उघडत. ऑपरेशनला निघालेले डॉक्टर जसे. पहिल्या शाळेत मला गंमत वाटली. तिसऱ्या शाळेत मी विचारलं.

"क्रीमचं आणि कव्हराचं जमत नाही," ते म्हणाले. "नवी कव्हरं चकचकीत आहेत ना. क्रीमचा हात लागला की वरचा थर चिकट होतो. बोट उमटतं आणि मग जात नाही. मुख्याध्यापकांना वाटतं जुनी प्रत दाखवताहेत."

"मग शाळेतून निघाल्यावर परत लावायचं."

"आधी लावायचो. पाच शाळा. पाच वेळा धुवायचं, पाच वेळा लावायचं. ट्यूब संपते. त्याआधी मी संपतो. हल्ली हातांना लावतच नाही. धुतो ते घामासाठी."

"पण बाह्या असतात ना?"

"पुस्तक उघडून धरायचं तर बाही पानावर घासते. दुमडावी लागते."

नमुन्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद होता. पिशवीतली यादी काढताना तो माझ्या हाताला लागला. मी उघडला. ऑफिसचं परिपत्रक. 'नमुना प्रतींच्या मुखपृष्ठांवर चिकट ठसे आढळून येतात. प्रतिनिधींनी प्रती हाताळताना आवश्यक ती काळजी घ्यावी. खराब झालेल्या प्रतींबाबत संबंधितांकडून खुलासा मागवण्यात येईल.' खाली मालकांची सही. डाव्या कोपऱ्यात मजकूर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं.

माझी होती. कामावर लागल्यावर मी लिहिलेलं ते पहिलं परिपत्रक. मालकांनी तोंडी सांगितलं होतं, मी भाषा नीट केली होती. 'आढळून येतात' लिहिताना मला बरं वाटलं होतं. ठसे कुणाचे, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"काका, हे मी लिहिलंय."

"माहीत आहे. सुबक लिहिलंयस. एकही चूक नाही."

"मी मालकांना सांगते. तुम्ही लावत जा क्रीम. होऊ देत प्रती खराब."

"आता या शेवटच्या फेरीसाठी कुठे खुलासे देत बसू, पदवीधर." ते खरोखर दमले होते. "तू आलीस की तुझ्या वेळी सांग. चल, चौथी शाळा लांब आहे."

मी पिशवी उचलली. ऊन होतं. मलाही चौथी शाळा लांब वाटत होती.

परत येताना त्यांनी बाजारातून पांढरं जाळीचं कापड आणि रबर घेतलं. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी. "एका टाकीबाईंसाठी," काका म्हणाले. "कंबर बरीच आहे." ऊन उतरायच्या आत गच्चीवर जाऊन कापड टाकीवर अंथरलं, खडूने गोल आखला आणि कापला. बाह्या वर होत्या. मी शेजारी उभी राहून वही हलवत होते, वारा घालायला. मग आम्ही खाली आलो, खिडक्या लावल्या आणि पंख्याखाली बसलो. ते नेफा दुमडून टाचत होते. बारीक, सरळ टाके. मला त्यांनी शाळांची यादी वाचायला लावली आणि टाका घालता घालता सांगत गेले. इथले सर ऐकत नाहीत, आधी चहा होऊ दे. इथल्या बाई शेवटचं पान आधी बघतात. इथे कारकुनाशी गोड बोल.

तिसऱ्या दिवशीची दुसरी शाळा. मुलींची. सकाळचे साडेदहा झाले असतील. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर पाण्यात ठेवलेल्या वेली होत्या, काचेच्या बाटल्यांतून. काकांनी आत शिरताच त्या पाहिल्या. मी त्यांना पाहताना पाहिलं. पण मुख्याध्यापिकांच्या खोलीतलं पाणी कुणी ओतत नाही.

बाई चौथीचं पुस्तक बघत होत्या. काकांनी ते उघडून त्यांच्यापुढे धरलं होतं, दोन्ही हातांनी, पान मिटू नये म्हणून. ही त्यांची पद्धत. पुस्तक टेबलावर ठेवायचं नाही, हातात धरायचं. ठेवलेलं पुस्तक माणूस बाजूला सारतो, धरलेलं वाचतो. बाई खरंच वाचत होत्या. एक कविता त्यांना आवडली होती. त्यांनी ती मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

डास काकांच्या उजव्या मनगटावर बसला. काळा. पायांवर पांढरे पट्टे. मी शेजारीच होते. माझ्या दोन्ही हातांवर नमुन्यांची चळत होती. काकांची नजर खाली गेली. त्यांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिला होता.

बाई दुसऱ्या कडव्यावर होत्या.

फुंकर मारता आली असती. चळत खाली ठेवता आली असती. 'माफ करा बाई' म्हणता आलं असतं. तीन शब्द. मी नवीन होते आणि बाई इतक्या छान म्हणत होत्या. डास स्वतःहून उठला. सावकाश, जड झालेला.

बाईंनी चौथीचं पुस्तक लावलं. पाचवीचंही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हात का नाही हलवला?"

"पुस्तक उघडं होतं," ते म्हणाले. मग थोडं चालल्यावर, "प्रत्येक डासात ताप नसतो गं. घरी बोलू नकोस. काकू जेवणार नाही."

मी काकूंना सांगितलं नाही. तेही मीच केलं.

चौथ्या दिवशी सकाळी टोपी जवळजवळ झाली होती. फक्त रबर आखूड पडलं. बस दहाची होती. "रबर वाटेत घेतो," त्यांनी वहिनींना सांगितलं. "दर गुरुवारी या गाडीवर जो ड्रायव्हर असतो, तो माझ्या ओळखीचा. येत्या गुरुवारी त्याच्याकडे देतो पाठवून. तोवर टाकीवर चादर टाका."

"माझी चादर?"

"पलंगाला काय, पाय थोडेच फुटलेत. चादर तिथे नसली तरी जाणार नाही कुठे."

"भाऊजी, परत येणार ना एकदा तरी?"

"टोपी बसली का बघायला येईन की."

बसस्थानकावर त्यांनी रबर घेतलं. गाडीत बसल्यावर त्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावली आणि नेफ्यात घालून सरकवायला लागले. घाट लागला. गाडी हिसके देत होती. पिन एकदा बोटाला टोचली. "संपवतो घरी," म्हणाले आणि सगळं पिशवीत ठेवून डोळे मिटले.

त्या शाळेनंतर सहाव्या दिवशी त्यांना ताप आला. तो बुधवार होता.

ऑफिसात फोन आला तेव्हा मी मुद्रितं तपासत होते. हॉस्पिटल जवळच होतं. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तिकडे चावलं होतं का काही?" मी सांगितलं. मनगट, पट्टे, कविता. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधल्या दिवसांत मी रोज जायचे. काकांचे डोळे दुखत, म्हणून खोलीत अंधार ठेवलेला. एकदा म्हणाले, "या खोलीत फुलदाणी आहे का बघ." नव्हती. एकदा म्हणाले, "गुरुवार गेला?"

"गेला."

"मग पुढच्या गुरुवारी. ऐक. पिन जोडशिवणीपाशी अडकते. जोर केलास तर कापड फाटेल. कापड मागून गोळा करायचं पिनेवर, मग पुढे सारायचं. थोडं थोडं."

"तुम्हीच करा घरी गेल्यावर."

"मीच करणार. तुला शिवणातलं काय कळतंय, पदवीधर."

रविवारी ताप उतरला. अंग गार झालं. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. मीही हसले. आम्ही दोघी खाली जाऊन चहा प्यायलो, गरम, दोन दोन कप. या तापात तो उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे आम्हाला संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं. तोवर त्यांचा रक्तदाब खाली आला होता. सोमवारी सकाळी सव्वानऊला ते गेले. मनगटावर बसलेल्या त्या डासाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. मी अजून दिवस मोजते. दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

बांधणी खात्यातल्या माणसाने नंतर मला विचारलं, "आपल्या मच्छरदाणीला डास चावला?" चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नाही. एवढं सगळं जाणणारा माणूस.

परिपत्रकाचं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, नवीन लिही. मी लिहिलं. 'मुखपृष्ठावर ठसे आढळल्यास खुलासा मागवण्यात येणार नाही.' एवढंच. मालकांनी सही केली. खाली माझी आद्याक्षरं आहेत.

पुढची फेरी माझी आहे. काल काकूंनी नमुन्याची पिशवी माझ्या हवाली केली. आत शाळांची यादी, पांढरा कप, अर्धी ट्यूब आणि घडी घातलेली टोपी. काकूंनी ती पलंगावर पसरली. पलंगभर झाली. त्यांनी नेफ्यावरून बोट फिरवलं, टाके मोजल्यासारखं.

"हे काय करत होते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

रबराचं मागचं टोक आत जाऊ नये म्हणून काकांनी कापडाला दोन टाके घालून ठेवलंय. पुढचं टोक पिनेला बांधलेलं. नेफा दोन तृतीयांश चुणीदार झालाय. पिन जोडशिवणीपाशी अडकून आहे, कापडातून चाचपली की लागते. तिच्यापुढचा नेफा सपाट आणि रिकामा आहे, साधारण चार वीत.